साडेतीन टक्क्यांची परीक्षा

घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धेत पारंपरिक ब्रिटिश एलची, म्हणजे उबेत आंबवलेल्या बिअरची, तपासणी सहसा सर्वांत सौम्य नमुन्यापासून सुरू होते. या प्रकाराला ‘ऑर्डिनरी बिटर’ म्हणतात आणि त्यात अल्कोहोलचे प्रमाण जेमतेम ३.२ ते ३.८ टक्के असते. जास्त ताकदीच्या, काळ्याभोर किंवा फळांच्या वासाने घमघमणाऱ्या बिअरमध्ये बारीकसारीक दोष खपून जातात. बिटरमध्ये त्यांना लपायला जागा नसते. मसालेभातात एखादी गोष्ट कमीजास्त झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण साध्या वरणात ती पहिल्या घासाला कळते, तसेच हे आहे. त्यामुळे दहा टक्के अल्कोहोलची बार्लीवाइन ही कडक बिअर बनवणाऱ्यापेक्षा साडेतीन टक्क्यांची निर्दोष बिटर बनवणाऱ्याचे रसायनशास्त्र अधिक पक्के असते, असे माझे मत आहे.

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर बनवण्यावर परवान्याचे बंधन घातले होते. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले आणि या छंदाला मोकळीक मिळाली. अमेरिकेत हीच मोकळीक १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे आली. तेथे १९८५ मध्ये ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ ही परीक्षक घडवणारी संस्था सुरू झाली आणि तिची गुणपत्रिका आज अनेक देशांतील स्पर्धांमध्ये वापरली जाते. (महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवता येत नाही, हे येथेच सांगून ठेवलेले बरे.)

या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर ठशाला १०. रंग आणि फेस यांना मिळून फक्त तीन गुण आहेत, कारण डोळा चटकन फसतो आणि पुढच्या निर्णयांनाही फसवतो. परीक्षकासमोर येणाऱ्या बाटलीवर नाव किंवा लेबल नसते, केवळ एक क्रमांक असतो, आणि ज्याने एखाद्या गटात स्वतः प्रवेशिका पाठवली आहे त्याला त्या गटाच्या टेबलावर बसता येत नाही.

आता ही बिटर बनते कशी, ते पाहू. वीस लिटरसाठी साधारण साडेतीन किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भरडून गरम पाण्यात तासभर ठेवतात. जवात स्टार्च असतो आणि मोड येताना त्यात स्टार्च तोडणारी विकरे तयार झालेली असतात. त्यांपैकी बीटा-अमायलेज हे विकर ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोमात काम करते आणि यीस्टला सहज पचणारी माल्टोज शर्करा बनवते. अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या आसपास अधिक रमते आणि स्टार्चच्या लांब साखळ्या वाटेल तेथे तोडते. त्यातून डेक्स्ट्रिन नावाचे मोठे तुकडे उरतात, जे यीस्टला खाता येत नाहीत. ज्या बिअरमध्ये अल्कोहोल मुळातच कमी आहे ती पाणचट लागू नये म्हणून हे न पचणारे तुकडे उपयोगी पडतात. त्यामुळे बिटर बनवणारा आपले मिश्रण ६७ ते ६८ अंशांवर ठेवतो. तेथे बीटा-अमायलेज लवकर निकामी होते आणि बिअरला अंग येते. दोन-तीन अंशांची चूक येथे थेट तोंडात कळते. माल्टही निवडून घेतात. केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत तयार झालेली ‘मॅरिस ऑटर’ ही जवाची जात १९६० च्या दशकात बाजारात आली. मोठ्या कारखान्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली तरी घरगुती बिअर बनवणारे तिला अजून सोडत नाहीत.

गाळून घेतलेल्या या गोड द्रवाची घनता हायड्रोमीटरने मोजतात. समजा ती १.०३८ भरली आणि किण्वन, म्हणजे यीस्टने शर्करेचे अल्कोहोल करण्याची क्रिया, संपल्यावर १.०१० वर आली. दोन्हींमधला फरक ०.०२८ झाला. त्याला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे आकारमानातील प्रमाण जवळपास ३.७ टक्के निघते. साखरेचे पाणी जड असते आणि अल्कोहोल हलके, एवढ्या साध्या तत्त्वावर हा सगळा हिशेब उभा आहे.

हे काचेचे उपकरण केवळ बनवणाऱ्याचे नव्हते, कर वसूल करणाऱ्याचेही होते. १८८० च्या त्याच कायद्याने माल्टवरचा जुना कर रद्द करून किण्वनापूर्वीच्या घनतेवर कर बसवला. म्हणजे बिअर जितकी सौम्य, तितका कर कमी. पुढे पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी सरकारने निर्बंध घातले, करही अनेक पटींनी वाढवला, आणि ब्रिटिश बिअरची सरासरी घनता झपाट्याने उतरली. युद्ध संपल्यावरही ती पूर्वीच्या पातळीवर परतली नाही. स्पर्धेच्या नियमावलीत ‘पारंपरिक’ म्हणून बसलेली साडेतीन टक्क्यांची बिटर किंवा तितकीच सौम्य, काळसर ‘डार्क माइल्ड’ आजच्या रूपात विसाव्या शतकाची आहे. ती घडवण्यात बिअर बनवणाऱ्यांच्या रसिकतेइतकाच खजिन्याचाही हात आहे.

बिटरचा कडवटपणा हॉप्स या वेलीच्या फुलांतून येतो. त्यांतील अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची रचना बदलून आयसो-अल्फा आम्ले तयार होतात, जी विरघळतात आणि कडू लागतात. कडवटपणाचे एक एकक म्हणजे साधारणपणे एका लिटरमध्ये या आम्लांचे एक मिलिग्रॅम. वीस लिटरमध्ये ३० एककांचा कडवटपणा हवा असेल तर ६०० मिलिग्रॅम आम्ले उतरली पाहिजेत. ‘ईस्ट केंट गोल्डिंग्ज’ या जातीत अल्फा आम्ले पाच टक्क्यांच्या आसपास असतात आणि तासाभराच्या उकळीत त्यांतील जेमतेम चौथा हिस्सा उपयोगी पडतो. हिशेब केला तर ४८ ग्रॅमच्या आसपास हॉप्स लागतात. मात्र तोच कडवटपणा वेगवेगळ्या पाण्यात वेगवेगळा जाणवतो. बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून येते. त्यात सल्फेट भरपूर असल्याने हॉप्सची चव कोरडी आणि धारदार लागते. एकोणिसाव्या शतकात भारतात, मुंबईच्या बंदरातही, उतरणाऱ्या पेल एलमध्ये याच गावाच्या बास आणि ऑलसॉप या कारखान्यांचा मोठा वाटा होता. लंडनच्या पाण्यात कार्बोनेट जास्त असते. ते भाजलेल्या काळ्या माल्टच्या आम्लतेला तोलून धरते, त्यामुळे तेथे पोर्टर ही काळसर बिअर बहरली. आजचा हौशी माणूस नळाच्या पाण्याचे विश्लेषण पाहून त्यात मोजून जिप्सम टाकतो आणि आधी त्यातील क्लोरीन काढतो. क्लोरीन राहिले तर क्लोरोफेनॉल तयार होतात, आणि परीक्षकाला पहिल्याच हुंगण्यात दवाखान्याचा वास येतो.

खरी गंमत यीस्टमध्ये आहे. एलचे यीस्ट १८ ते २० अंशांच्या उबेत काम करते आणि अल्कोहोलबरोबर एस्टर नावाची फळांच्या वासाची संयुगे बनवते. नाशपाती किंवा सफरचंदाचा हलका वास ब्रिटिश एलमध्ये हवाच असतो. तापमान दोन-चार अंशांनी वर गेले की हाच वास भडक होतो. याच काळात यीस्टची पेशी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवत असते. त्या साखळीतील अल्फा-ॲसिटोलॅक्टेट हा मधला पदार्थ थोडासा पेशीबाहेर झिरपतो आणि द्रवात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन डायअसिटिल तयार होते. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग असला तरी अनेकांना लोण्याचा वास जाणवतो, जिभेवर गुळगुळीतपणा येतो. पुढे यीस्ट स्वतःच हे डायअसिटिल परत शोषून निरुपद्रवी करते, पण त्यासाठी ते द्रवात तरंगत राहिले पाहिजे. इंग्लिश यीस्टच्या अनेक जाती काम संपताच गुठळ्या करून तळाशी बसतात. त्यामुळे बिअर काचेसारखी स्वच्छ होते, मात्र लोणी मागे राहते. उपाय सोपा पण चिकाटीचा आहे: किण्वन मंदावल्यावर आणखी दोन-तीन दिवस भांडे उबदार ठेवायचे. मग एका पेल्यातील नमुना झाकून ६० अंशांच्या आसपास गरम करायचा आणि गार करून हुंगायचा. लोण्याचा वास आला तर लपलेले अल्फा-ॲसिटोलॅक्टेट शिल्लक आहे, बाटल्या भरायची घाई करू नये.

येथे परीक्षकांपुढेही पेच असतो. बिटरमध्ये डायअसिटिलची पुसट छटा नियमावलीला चालते, तीच बहुतेक लागरमध्ये, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या बिअरमध्ये, दोष ठरते. शिवाय काही माणसांना हा वास जवळजवळ येतच नाही. म्हणून एका बाटलीसाठी किमान दोन परीक्षक असतात. ते आधी एकमेकांशी न बोलता गुण लिहितात आणि मग चर्चा करतात. दोघांच्या गुणांत साधारण सातपेक्षा जास्त अंतर उरू नये अशी अपेक्षा असते. इतक्या तोकड्या निरीक्षणांवरून किती ठाम बोलता येते, हा प्रश्न बिअरच्या धंद्याला जुनाच आहे. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांनी लहान नमुन्यांच्या संख्याशास्त्रावरचा आपला गाजलेला निबंध १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला होता.

पेला समोर येताच परीक्षक पहिल्यांदा हुंगतो, कारण गंधकयुक्त आणि इतर हलके वास काही मिनिटांत उडून जातात, आणि नाकही एकाच वासाला लवकर सरावते. घोट घेतल्यावर आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाचाच असतो. त्यामुळे वाइन चाखणाऱ्यांसारखे थुंकून टाकणे येथे रूढ नाही. लहान घोट आणि मधूनमधून पाणी व साधा पाव यांवर काम चालते.

ब्रिटिश एलच्या टेबलावर एक जुनी गल्लत होते. ब्रिटनबाहेरच्या अनेक परीक्षकांनी या बिअर परदेशी पाठवलेल्या बाटल्यांतूनच चाखलेल्या असतात. महिनोन्महिने प्रवास आणि गोदामातील ऊब सोसलेल्या बाटलीत ऑक्सिजनमुळे ओल्या पुठ्ठ्याचा वास देणारे ट्रान्स-२-नॉनेनल तयार होते, माल्टची चव शिळ्या कॅरॅमलकडे झुकते आणि हॉप्सचा वास मरतो. तोच शिळेपणा ‘अस्सल ब्रिटिश’ समजून गुण दिले गेले तर ताजी, नेटकी बिटर मागे पडते. ब्रिटनमधील पबच्या तळघरात, ११ ते १३ अंशांवर पिंपातच मुरलेल्या एलमध्ये कार्बन डायऑक्साइड फार थोडा असतो. बाटलीतून ते साधायचे तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत दीड-पावणेदोन ग्रॅमच साखर घालावी लागते. ज्याच्या हातून ती जास्त पडते त्याच्या बिअरमध्ये कार्बोनिक आम्ल जिभेला टोचते आणि माल्टची चव दबून जाते.

प्रत्येक गटातील विजेते शेवटच्या फेरीत एकत्र येतात. तेथे गुण मोजत नाहीत. बिटर, पोर्टर, इंग्लिश आयपीए (इंडिया पेल एल) आणि बार्लीवाइन एका रांगेत ठेवून, प्रत्येकीने आपापल्या प्रकाराला किती न्याय दिला यावर परीक्षक बोलतात आणि एकेक बाद करत जातात. भरगच्च बार्लीवाइननंतर चाखलेली बिटर पाण्यासारखी लागते, हा आपल्या इंद्रियांचा स्वभावच आहे. म्हणून येथेही सौम्य बिअर आधी चाखतात आणि तिच्यावरच्या टिपणाचा आधार शेवटच्या चर्चेत घेतात. एवढी काळजी घेऊनही अशा रांगेत साडेतीन टक्क्यांच्या बिटरला पहिला क्रमांक मिळणे अवघडच असते.