अंगदुखीच्या आड दडलेलं नैराश्य

उतारवयात नैराश्य आलं तरी ‘मला उदास वाटतं’ असं माणूस क्वचितच म्हणतो. अंग दुखतं, भूक नाही, पहाटेच जाग येते, काही लक्षात राहत नाही, अशा तक्रारी असतात. घरचे म्हणतात, वय झालं. पण नैराश्य हा वयाचा भाग नाही. तो आजार आहे आणि सत्तरीनंतरही बरा होतो.

शरीराशी त्याचं नातं दुहेरी आहे. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला, हृदयविकाराच्या झटक्यानंतर पाचांपैकी एकाला नैराश्य येतं. उलट, नैराश्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि शरीरातला दाह (सूज) वाढू शकतो, त्याचा भार हृदयावर पडतो. आमच्या मते त्याहून मोठं नुकसान रोजच्या वागण्यातून होतं. रक्तदाबाची गोळी चुकते, चालणं थांबतं, जेवण अर्धवट राहतं. मग स्नायू झिजतात, तोल जातो आणि एखाद्या दिवशी पडून खुब्याचं हाड मोडतं.

निदानाआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), जीवनसत्त्व बी12, हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियम तपासायलाच हवं. थायरॉइड मंदावलं तरी चित्र असंच दिसतं. चालू गोळ्यांची पूर्ण यादीही डॉक्टरांना दाखवा; स्टेरॉइडनेही मनःस्थिती बिघडते. वृद्धांसाठीच्या 15 प्रश्नांच्या हो-नाही चाचणीत शारीरिक तक्रारी मुद्दाम टाळल्या आहेत, कारण त्या इतर आजारांतही असतात. गुण 5 किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी लागते.

औषध कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. एसएसआरआय या गटातल्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातलं सोडियम घसरू शकतं, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. सोबत थायझाइड गटातली लघवी वाढवणारी गोळी असेल तर धोका अधिक. माणूस गोंधळतो, मळमळतं, झोक जातो. घरच्यांना वाटतं, नैराश्यच वाढलं! म्हणून सुरुवातीच्या 2 ते 4 आठवड्यांत सोडियम पुन्हा तपासून घ्या. औषधाचा गुण यायला 4 ते 8 आठवडे, कधी जास्तही लागतात. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम थांबवू नका; बरं झाल्यावरही ती निदान 6 ते 12 महिने चालू ठेवावी लागते. सोबत समुपदेशन आणि झेपेल तेवढा व्यायाम हवाच.

‘आता जगून काय करायचं’ हे वाक्य कानावर आलं, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावत नाही. होकार आला तर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.