माशाच्या पोटातली मोजदाद

रोच नावाचा युरोपीय मासा चिरला, की कधीकधी आतड्यांच्या आधी पांढरी फीत बाहेर येते. हा लिग्युला, म्हणजे फीतकृमीची अळी-अवस्था. माशाची उदरपोकळी तो व्यापून टाकतो आणि प्रजननग्रंथींची वाढ खुंटते. असा मासा पाणपक्ष्याने गिळला, की कृमी पक्ष्याच्या आतड्यात प्रौढ होतो, अंडी घालतो आणि काही दिवसांतच मरतो. अंडी पाण्यात पडतात. अळ्या आधी कोपेपॉड या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवात आणि तिथून पुन्हा माशात जातात.

एका तळ्यात असे कृमी किती आणि त्यांच्या संख्येला लगाम कोण घालतो, हे मात्र फार उशिरा विचारले गेले. बराच काळ परजीवींचे शास्त्र नवी जात शोधायची, चित्र काढायचे, नाव द्यायचे, एवढ्यावरच चालले. सोव्हिएत संघात प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्टिन डोगेल यांनी १९३०च्या दशकात माशाचे वय, आहार आणि ऋतू यांच्याशी परजीवींची सांगड घालायला सुरुवात केली.

१९६०च्या दशकात परजीवीशास्त्रज्ञ क्लाइव्ह केनेडी यांनी इंग्लंडच्या एव्हन नदीतले डेस मासे तपासले. त्यांच्या आतड्यातला कॅरिओफिलियस हा फीतकृमी हिवाळ्यात-वसंतात सापडे आणि उन्हाळा सरताना दिसेनासा होई. पाणी तापले की मासा त्याला टिकू देत नाही, असे पुढे प्रयोगांतून दिसले. म्हणजे इथे लगाम कृमींच्या गर्दीचा नव्हता, तापमानाचा होता.

खरी कलाटणी १९७१ साली परजीवीशास्त्रज्ञ हॅरी क्रॉफ्टन यांनी दिली, तीही माशावर नव्हे. ओढ्यातल्या गॅमरस या कवचधारी जिवात बदकांच्या काटेरी डोक्याच्या कृमीच्या अळ्या असतात. त्यांची दुसऱ्यांनी आधीच केलेली मोजणी क्रॉफ्टननी पुन्हा उलगडली. बहुतेक पोशिंद्यांत, म्हणजे कृमीला अंगात थारा देणाऱ्या जिवांत, कृमी नाही किंवा एखाददुसरा, आणि मोजक्यांच्या अंगावर सगळा भार. सरासरीपेक्षा विचरण, म्हणजे आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप, कितीतरी मोठे. आकडे ऋण द्विपद वितरणात, म्हणजे अशा एकवटलेल्या वाटणीच्या गणिती साच्यात, बसणारे. जास्त लादलेले पोशिंदे मेले तर थोड्या मरणांत पुष्कळ कृमी संपतात, हा त्यांचा मुद्दा. माझ्या मते पुढची सगळी गणिते याच एका निरीक्षणावर उभी आहेत. १९७८मध्ये अँडरसन आणि मे यांनी समीकरणांनी दाखवले, की ही एकवटलेली वाटणी दोघांचीही संख्या स्थिर ठेवायला हातभार लावते. १९९५च्या एका आढाव्यात २६९ पोशिंदा-परजीवी जोड्यांपैकी २६८ जोड्यांत तीच वाटणी आढळली. त्यामुळे ‘दर माशामागे सरासरी तीन कृमी’ एवढेच सांगणारा तक्ता फारसे काही सांगत नाही.

मोजायचे काय, यावरही एकमत नव्हते. किती टक्के मासे बाधित, बाधित माशामागे कृमी किती, सगळ्या माशांमागे किती, या तीन संज्ञा १९८२मध्ये ठरल्या आणि १९९७मध्ये तपासून पक्क्या केल्या गेल्या.

भारतात अडचण आणखी अलीकडची, नावांचीच. मराठवाड्यासह देशभरात मागूर, मरळ, वाम यांच्या आतड्यांतून नव्या जातींची रीघ लागली. २०११च्या फेरतपासणीत एकट्या मागुरातल्या, फीतकृमींच्या कॅरिओफिलिडी गटातल्या ५९ नोंदलेल्या जातींपैकी आठच ग्राह्य ठरल्या. एकाच कृमीची मोजणी वेगवेगळ्या नावांखाली विखुरली असेल, तर ते जुने आकडे वापरण्यापूर्वी एकत्र करावे लागतात, आणि जपून ठेवलेले नमुने हाताशी नसतील तर तेही होत नाही.