डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक?

वर्षानुवर्षं फिरणारा एक समज असा: बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, तसं काही होत नसेल तर तपासायची गरज नाही, त्यातून वय विशीचं असेल तर नाहीच.

वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. मेडिकल, नर्सिंगचे विद्यार्थीही याला अपवाद नाहीत. परीक्षा, रात्रपाळी, अपुरी झोप यांच्या ताणात ॲड्रेनलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि आकडा चढतो. ताण सरला की तो सहसा उतरतो. म्हणून तोंडी परीक्षेआधीच्या एका नोंदीवरून आजार ठरत नाही, आणि एका चांगल्या नोंदीवरून निर्धास्तही होता येत नाही.

खात्री मोजूनच होते. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नको. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलू नका (प्रॅक्टिकलला एकमेकांचं बीपी घेताना नेमक्या गप्पा चालतात!). मिनिटभराने पुन्हा मोजा. असं काही दिवस करून घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डोकं दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवा.