गुडघा सरळ, वेग मात्र धावण्याचा

२०२५च्या फेब्रुवारीत जपानच्या तोशिकाझु यामानिशीने कोबे इथे २० किलोमीटर अंतर १ तास १६ मिनिटं १० सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला. धावत नव्हे, चालत. म्हणजे ताशी पावणेसोळा किलोमीटर! हौशी धावपटूंपैकी बहुतेकांना या वेगाने इतकं अंतर धावूनही झेपणार नाही. तरी चालण्याची शर्यत टीव्हीवर लागली की लोकांचं लक्ष जातं त्या डुलणाऱ्या कमरेकडे, आणि हसू फुटतं. मला ते हसू खटकतं, कारण या खेळाचं सगळं कसब त्या कमरेतच आहे.

आधी साधं चालणं पाहू. टेकलेला पाय खुंटीसारखा रोवला जातो आणि धड त्याच्यावरून कमानीच्या वाटेने पुढे जातं. जणू उलटा उभा केलेला लंबक. कमानीच्या माथ्यावर शरीर सर्वात उंच, पण वेग सर्वात कमी. पलीकडे उतरताना उंची खर्ची पडते आणि वेग मिळतो. स्थितिज आणि गतिज ऊर्जेची ही देवाणघेवाण ताशी पाच-साडेपाच किलोमीटरच्या आसपास इतकी चोख चालते की शरीर उचलायला आणि पुढे न्यायला लागणाऱ्या यांत्रिक ऊर्जेपैकी जवळपास ६५ टक्के अशीच परत मिळते. धावताना गणित उलटं होतं. पाय टेकल्यावर गुडघा वाकतो, पाऊल बरोबर शरीराखाली असताना शरीर सर्वात खाली येतं, टाचेमागची कंडरा ताणली जाते आणि आखडताना उसळी देते. चालणारा लंबकासारखा झुलतो, धावणारा चेंडूसारखा उसळतो.

मग लंबकाचाच वेग वाढवत नेला तर? इथे गुरुत्वाकर्षण आडवं येतं. कमानीच्या वाटेवर राहायचं तर शरीराला सतत खाली खेचणारं बल हवं, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट लागतं. ते पुरवायला मुख्यतः आपलं वजनच असतं. पायाची लांबी ९० सेंटीमीटर धरली, तर ताशी १०.७ किलोमीटरला हे बल संपतं. त्यापुढे शरीर कमान सोडून हवेत सुटू पाहतं. प्रत्यक्षात आपण इतकं ताणतच नाही. ताशी सात-साडेसात किलोमीटरलाच पाय आपोआप धावायला लागतात. चंद्रावरचे अंतराळवीर उड्या मारत का जात होते, याचं एक कारण हेच: तिथलं गुरुत्व सहापटीने कमी, त्यामुळे चालण्याची मर्यादाही फार लवकर गाठली जाते.

यामानिशीच्या वेगाला तर गुरुत्वाकर्षण देऊ शकतं त्याच्या दुपटीहून जास्त बल लागेल. वाकलेल्या गुडघ्यावर उसळून हा पेच सोडवावा, तर नियम आडवा येतो. पुढचा पाय जमिनीला लागल्या क्षणापासून तो शरीराखाली उभा येईपर्यंत गुडघा सरळच हवा. दुसरा नियम असा, की दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसता कामा नयेत.

उरते ती कंबर. टेकलेला पाय ताठ असल्यामुळे त्या बाजूचा खुबा वर चढणारच. पण त्याच क्षणी स्पर्धक दुसऱ्या, पुढे झुलणाऱ्या पायाचा खुबा खाली सोडतो. कंबर तिरकी होते आणि शरीराचा गुरुत्वमध्य फारसा वर जात नाही. कमान चपटी झाली, म्हणजे तिची त्रिज्या वाढली, आणि त्याच वेगाला लागणारं बल कमी झालं. मला या खेळातली ही सर्वात देखणी गोष्ट वाटते. याशिवाय कंबर आडवी फिरतेही. पुढे जाणाऱ्या पायाबरोबर त्या बाजूचा खुबा पुढे येतो, पाऊल लांबतं आणि दोन्ही पावलं जवळजवळ एकाच रेषेवर पडतात. असे ३ सेंटीमीटर जरी वाढले, तरी २० किलोमीटरच्या सुमारे १५ हजार पावलांत साडेचारशे मीटरची कमाई होते.

कोपरात काटकोनात वाकलेले हात या फिरण्याचा तोल सांभाळतात. आखूड लंबक लवकर झुलतो, आणि इथे मिनिटाला १९०-२०० पावलांचा ठेका धरायचा असतो. रोजच्या चालण्यात तो ११०-१२०च्या घरात असतो.

हे सगळं फुकट मिळत नाही. एवढ्या वेगात लंबकाची बचत फारशी उरत नाही आणि वाकलेल्या गुडघ्याची उसळी नियमाने घेता येत नाही. भार पडतो खुब्याभोवतीच्या स्नायूंवर आणि पोटऱ्यांवर. टाच टेकताना चवडा वर धरून ठेवणारा नडगीपुढचा स्नायू तर असा भरून येतो की नवशिक्यांची पहिली तक्रार बहुधा तिथलीच असते.

आणि तरीही पाय हवेत जातातच. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणात अव्वल स्पर्धकांची दोन्ही पावलं सेकंदाच्या काही शतांश भागापुरती जमिनीपासून सुटलेली दिसतात. ०.०३ सेकंद धरले, तर तेवढ्यात शरीर १३ सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. पण नियमाला कॅमेऱ्याचं दिसणं मान्य नाही, नुसत्या डोळ्यांचं मान्य आहे, आणि इतका छोटा क्षण डोळ्याला पकडता येत नाही. काहींना हे ढोंग वाटतं. मला तसं वाटत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसेल तेवढंच मोजायचं, ही अट सगळ्यांना सारखीच आहे, आणि त्या अटीच्या काठावर तासभर टिकून राहणं हेच इथलं कौशल्य आहे. काठ ओलांडला तर काय होतं, हे २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेन सॅव्हिलने अनुभवलं. महिलांच्या २० किलोमीटरमध्ये ती सर्वात पुढे होती, स्टेडियममध्ये शिरायच्या बोगद्यापाशी पोहोचली होती, आतून घरच्या प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येत होता. तिथेच पंच लाल कार्ड घेऊन समोर आले. ती बाद झाली होती.