चंद्रावर वजन एक षष्ठांश: हा आकडा आला कुठून?

पृथ्वीवर 60 किलो भरणारा माणूस चंद्रावर 10 किलो भरेल, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात हमखास भेटते. (भरेल ते स्प्रिंगच्या काट्यावर. दोन पारड्यांच्या तराजूत तिथेही 60 किलोचीच मापे टाकावी लागतील, कारण वस्तुमान तेवढेच राहते आणि मापेही त्याच प्रमाणात हलकी होतात.) मार्कांपुरते ते वाक्य ठीक आहे. पण हा सहावा हिस्सा पक्का व्हायला बराच काळ गेला. सुरुवातीचा अंदाज तर दुपटीने चुकलेला होता, आणि तो होता खुद्द आयझॅक न्यूटन यांचा.

'प्रिन्सिपिया'च्या 1726 च्या तिसऱ्या आवृत्तीत न्यूटन लिहितात की चंद्राच्या पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक तृतीयांश असावे. चंद्राचा आकार त्यांच्याकडे जवळजवळ बरोबर होता. घोळ होता वस्तुमानाचा. एखाद्या गोलाचे वस्तुमान काढायचे तर त्याच्याभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची गती बघायची, ही सरळ वाट. गुरू आणि शनीला ती लागू पडली. चंद्राला उपग्रहच नाही!

मग न्यूटन समुद्राकडे वळले. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला सूर्य आणि चंद्र मिळून पाणी ओढतात, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला एकाची ओढ दुसऱ्याची ओढ कापते. दोन्ही भरत्यांची उंची कळली की दोघांच्या ताकदीचे गुणोत्तर निघते. ब्रिस्टलजवळ एव्हन नदीच्या मुखाशी सॅम्युअल स्टर्मी यांनी केलेल्या नोंदी हाताशी होत्या: उधाणाला 45 फूट, भांगाला 25. त्यावरून, काही दुरुस्त्या करून, भरती आणणारी चंद्राची ओढ सूर्याच्या जवळपास साडेचार पट ठरली. प्रत्यक्षात ती सव्वादोन पटीच्या आसपास आहे. युक्ती नामी होती, जागा मात्र फसवी. निमुळत्या खाडीत शिरणारे पाणी किनाऱ्याच्या आणि तळाच्या ठेवणीप्रमाणे चढते, निव्वळ आकाशातल्या ओढीच्या हिशेबाने नाही. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, एका खाडीची भरती दुसरीसारखी नसते. परिणामी न्यूटन यांचा चंद्र पृथ्वीच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा जड झाला आणि पृथ्वीपेक्षा घनही.

पुढची दुरुस्ती बरीचशी आकाशातूनच आली. जेम्स ब्रॅडली यांनी 1748 मध्ये पृथ्वीच्या अक्षाचे साडेअठरा वर्षांच्या फेऱ्याचे बारीक डोलणे जाहीर केले. ते मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते, म्हणजे त्यावरून चंद्राचा जडपणा काढता येतो. दुसरा मार्ग असा: पृथ्वी आणि चंद्र एका सामाईक बिंदूभोवती फिरतात. तो बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 4,670 किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे. त्यामुळे महिन्याभरात पृथ्वी किंचित डुलते आणि सूर्य किंवा एखादा जवळचा लघुग्रह तेवढाच मागेपुढे सरकलेला दिसतो. 1930-31 मध्ये एरॉस लघुग्रह जवळ आला तेव्हा घेतलेल्या वेधांतून पृथ्वी चंद्राच्या 81.27 पट जड निघाली. शुक्राकडे गेलेल्या मरिनर 2 यानाच्या रेडिओ संदेशांतून 1962 मध्ये 81.30 मिळाले. आता हिशेब सोपा. वस्तुमान 81 पट कमी, पण त्रिज्याही लहान (6,371 विरुद्ध 1,737 किलोमीटर), म्हणजे चंद्रावर उभा असलेला माणूस केंद्राच्या बराच जवळ. त्या जवळिकीने साडेतेरा पट भरपाई होते. उरतो साधारण सहावा हिस्सा.

आकडा कळणे वेगळे आणि त्यात यान चालवणे वेगळे. अपोलोच्या सरावासाठी नासाने एक चमत्कारिक उडते यंत्र बांधले, ज्याचे जेट इंजिन पाच षष्ठांश वजन तोलून धरायचे आणि उरलेल्या वजनावर चंद्रावर उतरण्याचा सराव व्हायचा. 6 मे 1968 ला त्याचा ताबा सुटला आणि नील आर्मस्ट्राँग खुर्चीसकट बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. पृथ्वीवर चंद्राची नक्कल अवघडच. आपल्या विक्रम लँडरचेच बघा. चांद्रयान 3 चा हा लँडर इंधनासह सुमारे 1,750 किलोचा, आणि त्याची 800 न्यूटनची (न्यूटन हे इथे जोर मोजायचे एकक) चार मुख्य इंजिने मिळून जोर 3,200 न्यूटन. चंद्रावर त्याचे वजन पूर्ण भरलेल्या अवस्थेतही 2,840 न्यूटनच्या आसपास, पण पृथ्वीवर 17,000 च्या वर. इथे तो स्वतःच्या इंजिनांवर जमीन सोडूच शकत नाही. म्हणून इंजिनांची चाचणी क्रेनला टांगून घ्यावी लागली. तिकडे मात्र 3 सप्टेंबर 2023 ला त्याने सुमारे 40 सेंटिमीटरची उडी मारून दाखवली.

दरम्यान 1968 मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली होती: हा सहावा हिस्सा सगळीकडे सारखा नाही. लुनार ऑर्बिटर यानांच्या कक्षा तपासताना पॉल म्युलर आणि विल्यम शोग्रेन यांना चंद्राच्या मोठ्या गोल मैदानांखाली जड वस्तुमान दडलेले आढळले. त्यावरून जाणारे यान किंचित खेचले जाते.

डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 ने दोन गुरुत्वमापक नेले. गाडीवरच्या मापकाने टॉरस-लिट्रो दरीत 1.627 मीटर प्रति सेकंद वर्ग असे मोजमाप दिले. दुसरा होता जोसेफ वेबर यांचा, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी केलेला, अतिशय नाजूक. तो काही समतोल होईना. अंतराळवीरांनी हलवून पाहिले, ठोकूनही पाहिले. चूक पृथ्वीवरच झाली होती: हिशेबातल्या गफलतीमुळे आतली वजने चंद्रावरच्या गुरुत्वाकर्षणाला लागतात त्यापेक्षा सुमारे दोन टक्के हलकी बसवली गेली होती.