नागपुरातलं रिकामं घर विक्रीला काढताय? आधी नोंदी आणि ताबा पक्का करा

आईवडील गेले, मुलं पुण्याला किंवा परदेशात, आणि मानेवाड्यातलं घर कुलपात. दारावर ‘विकणे आहे’ची पाटी आणि खाली मोबाइल नंबर. घरात कुणी राहत नाही, हे त्या पाटीवरून अख्ख्या रस्त्याला कळतं. अशा घरावर दोन प्रकारच्या लोकांचा डोळा असतो: तोतया मालक उभा करून विक्रीपत्र करणारे आणि सरळ आत शिरून बसणारे. दोघांनाही रोखेल असा एकच अर्ज कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. दस्त नोंदवणारा दुय्यम निबंधक मालकीची शहानिशा करत नाही, त्यामुळे तिथे नुसता आक्षेप देऊन दस्त थांबेलच असं नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम लागतो. म्हणून तयारी आधीच करायची.

अर्ज कोण करू शकतो, कागद कोणते

नोंदींसाठी किंवा तक्रारीसाठी अर्ज करू शकतात ते मालक, सहमालक, वारस किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्र असलेली व्यक्ती. वारसांनी आधी नाव चढवून घ्यावं, आणि ते तीन ठिकाणी वेगवेगळं: नगर भूमापन कार्यालयात आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर), महापालिकेच्या झोन कार्यालयात घरटॅक्सला आणि महावितरणकडे मीटरला. एका ठिकाणी बदललं की बाकीकडे आपोआप होत नाही. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, मूळ विक्रीपत्र, ओळखपत्रं आणि ताजी करपावती ठेवा. गुंठेवारीतल्या (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या) ले-आउटचं घर असेल तर नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आरएल (नियमितीकरण पत्र) हवं. फ्लॅट असेल तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अपार्टमेंट डीड (फ्लॅटच्या मालकीचा नोंदलेला दस्त) असते, ती शोधून ठेवा. करपावती किंवा वीजबिलाने मालकी सिद्ध होत नाही, पण ताबा तुमचाच होता हे दाखवायला या दोन्ही फार उपयोगी पडतात. म्हणून घर रिकामं आहे म्हणून मीटर काढून टाकू नका.

परदेशातून मुखत्यारपत्र पाठवताना ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या. भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. अधिकार नेमके लिहा. ‘सर्व अधिकार’ लिहून दिलेलं मुखत्यारपत्र म्हणजे अर्धं घर दिल्यासारखंच.

नोंदींवर नजर

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर आपल्या मालमत्तेचे दस्त अधूनमधून पाहत जा. अनोळखी इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) दिसला तर लगेच त्याची प्रत काढा. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर लागतात, आणि हरकतीला साधारण १५ दिवस असतात. बनावट विक्रीपत्र नोंदलं गेलं तर ते रद्द करण्याचा दावा, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात करावा लागतो. फौजदारी तक्रार वेगळी.

किल्ली कोणाला द्यायची

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बयाणा झाला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘फर्निचरचं माप घ्यायचंय, किल्ली द्या ना.’ मापासाठी तुमच्या माणसासमोर घर उघडा, पण किल्ली देऊ नका. नोंदणीकृत करारावर ताबा गेला की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं, म्हणजे मिळालेला ताबा टिकवण्याचं, संरक्षण मागायला त्याला जागा मिळते, आणि मुद्रांक शुल्कही विक्रीपत्रासारखं लागतं. ताबा विक्रीपत्राच्या दिवशी, पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर. दलालाला मूळ कागद दाखवा, पण त्याच्याकडे ठेवू नका.

राखणीला कुणाला ठेवायचं असेल तर ‘राहा बाबा, भाडं नको’ असं तोंडी नको. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला असेल तर मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

आत कुणी शिरलंच तर

स्वतः कुलूप फोडून सामान बाहेर फेकू नका, उलट गुन्हा तुमच्यावर लागतो. पैसे देतो म्हणाला तरी घेऊ नका, नाहीतर उद्या तो भाडेकरू असल्याचं सांगेल. त्याच दिवशी फोटो काढा, शेजाऱ्यांची नावं लिहून घ्या आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार अनधिकृत प्रवेशाची लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तक्रार नोंदवली नाही तर पोलीस उपायुक्तांकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

याच्या जोडीला विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खालचा, ताबा परत मिळवण्याचा दावा आहे. तिथे मालकी कोणाची हा वाद न करता, तुम्हाला बेकायदा बाहेर काढलं एवढंच सिद्ध करायचं असतं. मुदत ताबा गेल्यापासून फक्त ६ महिने. ती उलटली तरी मालकीच्या जोरावर दावा राहतो, पण तो लांबतो, आणि १२ वर्षं गप्प बसलात तर समोरचा प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे इतकी वर्षं उघड ताबा असल्याने घर आपलंच झाल्याचा, मुद्दा काढतो. समोरचाच आधी मनाईहुकूम आणेल अशी शंका असेल तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) टाका. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकावं लागतं.