बाकाच्या पाठीवरचं नाव

आठवडाभर एक वही जवळ बाळगली. नजरेस पडेल ती प्रत्येक जाहिरात तिच्यात टिपायची: कुठे दिसली, काय म्हणत होती, मला ते पटलं का. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आठवड्याच्या शेवटी आपल्यावर कोणकोणते डाव टाकले जातात याची पक्की यादी हाती येईल, असं मला वाटत होतं.

पहिले दोन दिवस घाई करायला लावणाऱ्या जाहिरातींनीच पानं भरली. खरेदीच्या एका अ‍ॅपवर मी बॅग बघत होते. खाली लाल पट्टीत ‘फक्त २ शिल्लक’ आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ: सवलत संपायला ११ मिनिटं. फोन टेबलावर ठेवला आणि ती ११ मिनिटं नुसती बसून राहिले. बॅगची मला गरज नव्हती, हे मला माहीत होतं. तरी शेवटच्या मिनिटाला जीव खालीवर होऊ लागला, अंगठा बटणाकडे सरकला. घड्याळ शून्यावर आलं, क्षणभर थांबलं आणि पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू झालं. किंमत तीच. याला युक्ती म्हणून सोडून देणं मला मान्य नाही, ही सरळ फसवणूक आहे. पण माझी धडधड मात्र खरी होती. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन वर्चेल आणि सहकाऱ्यांनी काही जणांना बरणीतलं एक बिस्किट चाखायला दिलं. कुणाच्या बरणीत १० बिस्किटं होती, कुणाच्या फक्त २. दोनच असलेल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं, जास्त महागाचंही वाटलं. चवीला ते अधिक चांगलं आहे, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

खोडलेल्या किमतीच्या नोंदीही भरपूर झाल्या. मोठा आकडा काट मारून दाखवायचा आणि त्याखाली लहान आकडा. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्ये मांडलेला प्रयोग इथे आठवतो. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल, अशी सोय आधीच केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांनी १० पाहिला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ पाहणाऱ्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. खोडलेली किंमत तर निदान त्याच वस्तूवर छापलेली असते!

सातव्या दिवशी टूथपेस्ट संपली. दुकानात फळीसमोर उभी राहिले, हात पुढे गेला, एक खोकं उचललं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की हे नाव मी आधी कधीच घेतलेलं नव्हतं. मग हेच का? वही पहिल्या पानापासून चाळली. त्या नावाची एकही नोंद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर नेहमीच्या बाकाशी आले आणि जागीच थांबले. बाकाच्या पाठीवर तेच नाव, हातभर मोठ्या अक्षरांत. आठवडाभर मी त्यालाच पाठ टेकून वहीत नोंदी करत होते.

एका खरेदीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण या अनुभवाला विज्ञानात जुना आधार आहे. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये चिनी लिपीसारखी चिन्हं, ती लिपी न येणाऱ्या लोकांना दाखवली. काही चिन्हं एकदाच, काही २५ वेळा. मग सांगितलं की ही विशेषणं आहेत, प्रत्येकाचा अर्थ कितपत चांगला असेल ते ओळखा. जे चिन्ह जास्त वेळा दिसलं होतं, त्याचा अर्थ लोकांना अधिक चांगला वाटला. चिन्हाने कसलीच बाजू मांडली नव्हती, ते फक्त पुन्हा पुन्हा समोर आलं होतं.

१९८० चा प्रयोग मला त्याहून विलक्षण वाटतो. विल्यम कुन्स्ट-विल्सन आणि झायन्स यांनी वेडेवाकडे अष्टकोन सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते दाखवले. नंतर जोड्या समोर ठेवून विचारलं, यातला आधी पाहिलेला कोणता? उत्तरं जवळपास नाणेफेकीसारखी आली. पण आवडला कोणता, असं विचारल्यावर आधी दाखवलेल्या आकाराकडे कल स्पष्ट दिसला. ओळख पटली नव्हती, आवड मात्र तयार झाली होती.

यावरून छुपे संदेश दाखवून माणसाला हवं ते करायला लावता येतं, असं मात्र समजू नये. जेम्स विकारी या अमेरिकी बाजार-संशोधकाने १९५७ मध्ये तसा दावा केला होता: चित्रपटगृहाच्या पडद्यावर निमिषभर शब्द झळकवून पॉपकॉर्नची विक्री वाढवल्याचा. १९६२ मध्ये त्यानेच तो पोकळ असल्याचं कबूल केलं. ओळखीने मिळतो तो हलकासा झुकाव. मनात आधीच नावड असेल तर तो उपयोगी पडेलच असं नाही, आणि अती झालं की कंटाळाही येतो. पण दोन सारख्याच खोक्यांपुढे, डोक्यात दुसरेच विचार चालू असताना, तेवढा झुकाव पुरतो.

माझ्या वहीची चूक इथेच होती. ‘पटलं का?’ हा रकाना मी मोठ्या विश्वासाने आखला होता. तो भरताना मी सावध असायचे, मनात वाद घालायचे, आणि त्या घड्याळासारखा डाव पकडलाही जायचा. बाकाने माझ्याशी वाद घातलाच नाही.

आता नवी वही केली आहे. तिच्यात दोनच रकाने आहेत: ‘कुठे’ आणि ‘कितव्यांदा’. पहिली नोंद बाकाची.